डोंगराळ देशाने आधी काय बांधावे? भूतानचा साठ वर्षांचा अनुभव

पायाभूत सुविधांच्या नियोजनाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मोठे देश असतात. भारत असेल, चीन असेल, ब्राझील असेल. मोठ्या देशात एखादं धरण रखडलं, एखादा महामार्ग फसला, तर त्या भागाचं नुकसान होतं, पण देशाचा गाडा चालू राहतो. छोट्या देशात तसं होत नाही. तिथे एकच प्रकल्प साऱ्या देशाचं अंदाजपत्रक हलवू शकतो. देश छोटा, त्यात गरीब, त्यात डोंगराळ असेल तर नियोजनाचा पहिला प्रश्न 'काय काय बांधायचं' हा उरतच नाही. 'आधी काय बांधायचं, आणि केवढं' हा प्रश्न येतो. आज आपण हा प्रश्न भूतानच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

भूतानच का? कारण या देशाने १९६१ मध्ये जवळजवळ शून्यापासून सुरुवात केली. पहिली पंचवार्षिक योजना त्याच वर्षी सुरू झाली, आणि आता तेरावी चालू आहे. कोणता निर्णय आधी घेतला, त्यातून पुढे काय उभं राहिलं आणि कुठे अडलं, हे तिथे स्वच्छ दिसतं. मोठ्या देशात हे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की वेगळे करता येत नाहीत.

देश केवढा, आणि उभा कसा

आधी आकार लक्षात घेऊ. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण आठवा हिस्सा. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख २७ हजार. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातसुद्धा याहून जास्त माणसं आहेत. एवढ्या माणसांनी स्वतःचं मंत्रिमंडळ, न्यायालयं, विद्यापीठ, विमान कंपनी, वीज कंपनी, २० जिल्हे आणि २०५ गेवोग, म्हणजे आपल्या गटग्रामपंचायतीसारखे गावांचे गट, हे सगळं चालवायचं.

आता जमीन बघा. दक्षिणेला आसाम-बंगालच्या सीमेवर उंची शंभर-दोनशे मीटर. उत्तरेला गांगखर पुएनसुम हे शिखर ७,५७० मीटरचं. आणि या दोहोंमध्ये सरळ अंतर जेमतेम दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, त्यांच्या मधे उभ्या डोंगररांगा. म्हणजे खोऱ्याच्या बाजूने खाली-वर जायचं असेल तर एक वेळ वाट मिळते, पण पूर्व-पश्चिम जायचं तर प्रत्येक रांग ओलांडावी लागते. थिंफूहून पूर्वेच्या त्राशीगांगला जाणारा रस्ता एकामागून एक खिंडी चढतो-उतरतो. त्यातली थ्रुमशिंग ला ही खिंड ३,७०० मीटरहून उंच आहे. पायथ्याच्या काही भागांत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. हिमालय हा वयाने तरुण पर्वत, त्याचा खडक ठिसूळ आणि भेगाळलेला. हे तीन मुद्दे, म्हणजे उभा उतार, मुसळधार पाऊस आणि कच्चा खडक, पुढच्या सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहेत.

पहिला रस्ता

१९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, ते सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी. भारतातून भूतानच्या मुख्य खोऱ्यांत जाणारा मोटाररस्ताच नव्हता. जुना व्यापार तिबेटशी होता. मीठ, लोकर, तांदूळ, सगळं उत्तरेच्या खिंडींतून. पुढच्या दोन वर्षांत तिबेटमधली परिस्थिती पालटली, ती सीमा बंद झाली, आणि साऱ्या देशाला तोंड दक्षिणेकडे फिरवावं लागलं.

तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या काळातल्या पहिल्या योजनेत सगळ्यात मोठा वाटा रस्त्यांचा होता. पैसा भारताचा होता. भारताच्या सीमा सडक संघटनेचा 'दंतक' हा प्रकल्प १९६१ मध्ये उभा राहिला आणि फुंतशोलिंग ते थिंफू हा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता १९६२ मध्ये खुला झाला. खेचरांच्या वाटेने जिथे पाच-सहा दिवस लागायचे, तिथे काही तासांत पोचता येऊ लागलं.

या रस्त्याचं महत्त्व केवळ प्रवासापुरतं नाही. रस्ता झाल्यावर सिमेंट, लोखंड, यंत्रं वर नेता येऊ लागली. १९७४ मध्ये भारत आणि भूतान यांच्यात चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. चुखा कुठे आहे? याच रस्त्यावर, वांगछू नदीवर. १९८६ ते १९८८ या काळात ३३६ मेगावॉटची ही यंत्रं चालू झाली. खर्चाचा साठ टक्के भाग अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज, तेही पाच टक्के व्याजाने. देशाची गरज भागून उरलेली वीज भारताला विकायची आणि त्यातून कर्ज फेडायचं. मग त्याच नदीवर, चुखाच्या खाली, २००६-०७ मध्ये १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प आला. नदीची माहिती होती, रस्ता होता, माणसांना चुखाचा अनुभव होता.

इथे क्रम बघा. एक रस्ता, त्यावर एक मध्यम प्रकल्प, त्याच्या कमाईवर आणि अनुभवावर एक मोठा प्रकल्प. वीजविक्रीच्या पैशातून शाळा आणि दवाखाने चालू लागले. भूतानमध्ये सरकारी आरोग्यसेवा मोफत आहे. त्या मोफत सेवेमागे वांगछूचं पाणी आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

वीज गावात कशी गेली

दुसरं चांगलं उदाहरण ग्रामीण विद्युतीकरणाचं. या शतकाच्या सुरुवातीला भूतानची बहुतेक खेडी अंधारात होती. घरात चुलीचा धूर आणि रॉकेलचा दिवा. पुढच्या दीड दशकात जवळजवळ प्रत्येक घरात वीज पोचली. डोंगरात चार-पाच घरांची वाडी इकडे, तर दुसरी वाडी समोरच्या उतारावर. हिशोबाच्या दृष्टीने हा तोट्याचा धंदा. तरी केला, कारण वीज मुळात देशाचीच होती आणि फायदा लगेच दिसणारा होता. सरपण कमी लागू लागलं, आणि मुलांना संध्याकाळी अभ्यास करता येऊ लागला.

यातली आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. विजेच्या मनोऱ्यांवरून तारा ओढतानाच वरच्या तारेत ऑप्टिकल फायबर घातली. इंटरनेटसाठी पुन्हा डोंगर खणावा लागला नाही. एका खर्चात दोन कामं. छोट्या देशाला अशा जोडकामांची सवय लागावी लागते, कारण दुसऱ्यांदा डोंगर चढण्याचा खर्च फार असतो.

गणित बिघडलं कुठे

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये दोन्ही देशांनी ५,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठरवलं होतं. २००८ मध्ये ते वाढवून २०२० पर्यंत १०,००० मेगावॉट केलं. कागदावर ते चुकीचं वाटत नव्हतं. पाणी आहे, उतार आहे, शेजारी भुकेलेली बाजारपेठ आहे. मग एकापाठोपाठ एक मोठे प्रकल्प सुरू झाले. पुनात्सांगछू-एक, १,२०० मेगावॉट. पुनात्सांगछू-दोन, १,०२० मेगावॉट. मांगदेछू, ७२० मेगावॉट. तिन्ही जवळपास एकाच वेळी.

मांगदेछू २०१९ मध्ये चालू झाला. पुनात्सांगछू-एकचं काय झालं ते ऐका. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागेवर उजव्या काठाचा डोंगर सरकू लागला. धरणाचं काम थांबलं. उतार बांधून काढण्याचे प्रयत्न झाले, डोंगर पुन्हा हलला. जमिनीचा अभ्यास आधी पुरेसा झाला नव्हता, अशी टीका नंतर झाली. बोगदे, यंत्रघर अशी बाकीची कामं बरीचशी उरकली, पण पाणी अडवायला धरणच नाही, म्हणजे वीज नाही. खर्च सुरुवातीच्या सुमारे साडेतीन हजार कोटींवरून नऊ हजार कोटींच्या वर गेला. शेजारच्या पुनात्सांगछू-दोनमध्ये २०१६ साली भूमिगत गुहेतला खडक कोसळला. तो प्रकल्प अखेर २०२४-२५ मध्ये सुरू झाला. २०२० उजाडलं तेव्हा देशाची एकूण क्षमता दहा हजारांच्या जागी २,३०० मेगावॉटच्या आसपास होती.

नऊ हजार कोटी हा आकडा भारतासारख्या देशाला मोठा वाटणार नाही. त्याला भूतानच्या लोकसंख्येने भागा. माणशी सव्वा लाखाच्या आसपास येतात, तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत. आणि यावेळी कर्जाची वाटणीही बदललेली होती. चुखाला साठ टक्के अनुदान होतं, इथे साठ टक्के कर्ज. चुखाला पाच टक्के व्याज, इथे दहा टक्के. जोपर्यंत यंत्र फिरत नाही तोपर्यंत कमाई शून्य, पण बांधकामाच्या काळातलं व्याज मुद्दलात मिसळत राहतं. म्हणजे उशीर झाला की खर्च दोन्ही बाजूंनी वाढतो.

यावर एक उत्तर असतं. करारानुसार भारत वीज विकत घेतो आणि दर ठरतो तो खर्च अधिक ठरावीक परतावा असा. मग खर्च वाढला तर दर वाढेल, भूतानला काय फरक पडतो? फरक पडतो. मांगदेछूचा दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला. त्याच सुमारास भारतात सौर विजेच्या लिलावात तीन रुपयांच्या खालचे दर येऊ लागले होते. गिऱ्हाईक एकच आणि माल महाग, असा धंदा किती वर्षं चालेल, हा प्रश्न थिंफूत बसलेल्या नियोजनकाराला विचारावाच लागतो.

पैशाचा ताप

याचा आणखी एक परिणाम झाला, जो प्रकल्प अहवालात नसतो. एवढ्याशा अर्थव्यवस्थेत एकदम तीन प्रचंड बांधकामं सुरू झाली की पैसा ओतला जातो. यंत्रं, पोलाद, डिझेल आणि बरेचसे मजूर भारतातून येतात, म्हणजे रुपये बाहेर जातात. घरं बांधणं वाढतं, गाड्या वाढतात, त्याही आयात. भूतानचं चलन न्गुलत्रुम, आणि ते रुपयाशी एकास एक जोडलेलं. रुपये छापता येत नाहीत, कमवावेच लागतात. २०१२ मध्ये रुपयांची टंचाई इतकी झाली की गाड्यांच्या आयातीवर बंधनं आणावी लागली, बँकांना कर्जं आवरावी लागली. आज भूतानचं परदेशी कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पादनापेक्षा जास्त आहे, आणि त्यातला मोठा भाग जलविद्युतचा आहे. ते वीजविक्रीतून फिटणारं कर्ज आहे हे खरं, पण वीज वेळेवर निघाली तर.

आता हिवाळ्याचं बघू. आपल्याला कोयना माहीत आहे. तिथे शिवसागर जलाशयात पावसाळ्याचं पाणी साठतं आणि ते वर्षभर लागेल तसं वापरता येतं. भूतानचे प्रकल्प तसे नाहीत. ते वाहत्या पाण्यावर चालतात, साठा नावापुरता. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा वीज उतू जाते. डिसेंबर ते मार्च वर बर्फ गोठलेलं असतं, नदी आटते, आणि उत्पादन एकदम खाली येतं. त्याच वेळी घराघरांत हीटर लागतात. त्यामुळे जलविद्युत विकणाऱ्या या देशाला अलीकडच्या हिवाळ्यांत भारताकडून वीज विकत घ्यावी लागते. मोठा जलाशय बांधला तर हा प्रश्न सुटेल, पण मग खोरं बुडतं, आणि राज्यघटनेनुसार देशाचा साठ टक्के भाग कायम जंगलाखाली ठेवायचा आहे. वर हिमसरोवरांचा धोका आहेच. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी लुग्गे त्सो हे सरोवर फुटलं, फो छू नदीला पूर आला, २१ माणसं गेली, पुनाखाच्या ऐतिहासिक झोंगचंही नुकसान झालं. पुढे त्याच भागातल्या थोर्थोर्मी सरोवराची पातळी उतरवण्यासाठी शेकडो माणसांनी उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत, कुदळ-फावड्यांनी, गार पाण्यात उभं राहून चर खणला. आणि फो छूचंच पाणी पुढे पुनात्सांगछू नावाने वाहतं. ज्या दोन प्रकल्पांबद्दल आपण आत्ता बोललो, ते याच नदीवर आहेत.

रस्ते पुन्हा

रस्त्यांची गोष्टही अशीच दोन टोकांची. २००८ मध्ये भूतानमध्ये निवडणुकीची लोकशाही आली. गावोगावी पहिली मागणी कोणती? रस्ता. आणि ती रास्तच होती. आजारी माणसाला पाठीवर घेऊन डोंगर उतरायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच कळतं. मग एक्स्कॅव्हेटर लागले आणि शेतरस्ते भराभर निघाले.

पण डोंगरात रस्ता म्हणजे नुसती वाट कापणं नसतं. कापलेली माती खाली ढकलली की खालचं शेत आणि ओढा बुजतो. वरून येणाऱ्या पाण्याला गटार आणि मोरी दिली नाही तर ते रस्त्यावरूनच वाहतं आणि रस्ता घेऊन जातं. पाया कापलेला उतार पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खाली बसतो. म्हणून डोंगरात खरा खर्च गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती आणि दरवर्षीची डागडुजी यांचा असतो. रस्ता काढणं हा त्यातला स्वस्त भाग. अनेक शेतरस्ते पावसाळ्यात बंद असतात ते याच कारणाने. रस्त्याच्या उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात. मोरी साफ करायला कोण येणार, याची तरतूद योजनेत शेवटी होते किंवा होतच नाही.

मुख्य रस्त्याचं दुखणं वेगळं. बराच काळ देशाचा जवळजवळ सगळा माल एका फुंतशोलिंग-थिंफू रस्त्याने यायचा. जुमजासारख्या दरडीच्या जागी डोंगर खाली आला की राजधानीत भाजी आणि गॅस महाग. दक्षिणेत तर पश्चिमेच्या गावातून पूर्वेच्या गावात जायला लोक वर्षानुवर्षं आसाममधून जात, कारण देशातल्या देशात सलग रस्ता नव्हता. अशा ठिकाणी आहे तोच रस्ता आणखी रुंद करायचा की साधा का होईना दुसरा रस्ता काढायचा? रुंद रस्त्यावर गाडी वेगात जाते, पण दरड पडली की तोही बंदच. दोन साधे रस्ते असतील तर एक तरी चालू राहतो. डोंगराळ देशात वेगापेक्षा खात्रीला जास्त किंमत आहे, असं आम्हाला वाटतं.

मग मोठं काही करूच नये का?

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच घेतो. नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. चुखासुद्धा त्या काळच्या भूतानच्या मानाने प्रचंड होता. फरक असा की तेव्हा तो एकच होता. त्याची कमाई सुरू झाल्यावर पुढचा हाती घेतला. पुनात्सांगछूच्या वेळी एकाचा निकाल लागायच्या आत दुसरे दोन सुरू केले, आणि तेही दुप्पट व्याजाच्या कर्जावर.

आज पुन्हा तोच वळणबिंदू आला आहे. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. त्याच महिन्यात दक्षिणेच्या गेलेफू इथे 'माइंडफुलनेस सिटी' या नव्या शहराची घोषणा झाली, एक हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रावर. २०२५ मध्ये कोक्राझार ते गेलेफू या ६९ किलोमीटरच्या आणि बानरहाट ते सामत्से या २० किलोमीटरच्या रेल्वेमार्गांची घोषणा झाली, खर्च सुमारे ४,०३३ कोटी. दोर्जीलुंगसारख्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पात मुंबईची टाटा पॉवर भागीदार आहे. दुसरीकडे, भूतानच्या स्वतःच्या कंपन्यांनी सुछू (१८ मेगावॉट), युंगीछू (३२) आणि बुरगांगछू (५४) असे छोटे प्रकल्प हाती घेतले. आकड्यांत ते किरकोळ दिसतात. पण त्यात एखादा फसला तर देश बुडत नाही, आणि भूतानी अभियंते, गवंडी, वेल्डर ते काम करता करता शिकतात.

शिकलेल्या माणसांचा मुद्दा सगळ्यात शेवटी सांगतो, कारण तोच सगळ्यात नाजूक आहे. गेल्या काही वर्षांत भूतानचे हजारो तरुण ऑस्ट्रेलियाला गेले. त्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, सरकारी अधिकारी आणि अभियंते आहेत. धरण कर्जावर बांधता येतं, रस्ता शेजाऱ्याच्या मदतीने होतो. पण पावसाळ्याच्या रात्री वीजकेंद्राच्या पाळीवर कोण असणार, दरड पडल्यावर पहाटे यंत्र घेऊन कोण जाणार, ही माणसं देशातलीच लागतात. सात लाखांच्या देशातून हजारभर कुशल माणसं गेली तर ती उणीव वर्षा-दोन वर्षांत भरून निघत नाही.

तेव्हा भूतानसारख्या देशाची पुढची योजना वाचताना आपण चार गोष्टी शोधाव्यात. एक, हा प्रकल्प दोन वर्षं रखडला तर देशाला झेपेल का? दोन, याच्या आधीच्या प्रकल्पाची कमाई सुरू झाली आहे का? तीन, देखभालीचा पैसा आणि माणूस आजच ठरवला आहे का? आणि चार, हे बंद पडलं तर दुसरी वाट कोणती? हेच प्रश्न नेपाळला लागू आहेत, लेसोथोला आहेत, किर्गिझस्तानलाही आहेत. या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आधी लिहिली गेली, तर पुष्कळ डोंगर खणण्याआधीच वाचतील आणि त्यांच्या पायथ्याची माणसंही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.